लाइनवर तारा आल्या, मग यार्डात धूर आणि धूळ कसली?

तुमच्या प्रश्नाचं सार मी असं धरतो. सोसायटी मालधक्क्याच्या भिंतीला लागून आहे. मार्गाचं विद्युतीकरण होऊन काही वर्षं झाली, तरी गॅलरीत रोज करडा-काळपट थर बसतो. एक डिझेल इंजिन रात्र रात्र घरघरत उभं असतं. मुलीला दमा आहे. स्टेशनवर तक्रार करायला गेलात तर तिथले साहेब वरच्या तारा दाखवून म्हणतात, ‘आता इथे धूर होतच नाही.’ यात खरं किती, करायचं काय, आणि बॅटरीवर चालणारं शंटिंग इंजिन (यार्डात वाघिणी हलवणारं) असतं का, हे तुम्हाला हवंय.

मी नोकरीची सगळी वर्षं डिझेल शेडमध्ये इंजिनांच्या देखभालीत काढली आणि सीनियर सेक्शन इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे कुठे इंजिनाची बाजू घेतोय असं वाटलं तर तेवढं सांभाळून घ्या.

आधी साहेबांचं म्हणणं. ते खोटं नाही, पण ते मेन लाइनबद्दल बोलतायत. देशातल्या ब्रॉडगेजचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग आता तारेखाली आला आहे. ७४१ किलोमीटरचा कोकण रेल्वेचा मार्ग २०२२ साली पूर्ण विजेवर गेला. मुंबईत तर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, म्हणजे या कामाला शंभर वर्षं होऊन गेली. पण मालधक्क्याच्या लाइनवर बहुतेक ठिकाणी तार मुद्दामच नेत नाहीत. तिथे जेसीबीचा हात वर जातो, क्रेन फिरते, उघड्या वाघिणीवर माणूस उभा राहून काम करतो. डोक्यावर २५,००० व्होल्टची तार असली तर स्पर्शाचीही गरज नाही, नुसतं जवळ गेलं तरी माणूस जातो. म्हणून विजेचं इंजिन रेक, म्हणजे वाघिणींची अख्खी गाडी, यार्डाच्या तोंडाशी आणून सोडतं आणि पुढे डिझेल शंटर तो आत ढकलतो. म्हणजे धावणाऱ्या गाडीचा धूर गेला. उभं राहणं, ढकलणं, उतरवणं, झाडणं या कामांचा धूर-धुरळा होता तिथेच राहिला, आणि तुमचं घर नेमकं त्याच कामांच्या शेजारी आहे.

तुमची खरी अडचण माझ्या मते अशी आहे की गॅलरीतला थर एका कारणाचा नाही. डिझेलची काजळी, उतरवल्या जाणाऱ्या मालाची धूळ, ट्रकांनी उडवलेली रस्त्याची माती आणि चाक-रूळ-ब्रेकच्या घासण्यातून आलेला लोखंडी भुगा, हे चारही त्यात असू शकतात. या चौघांचे मालक वेगळे. शंटिंग इंजिन कुठे, किती वेळ उभं राहणार हे ऑपरेटिंग खातं ठरवतं, त्याची देखभाल शेड करते, मालधक्का कमर्शियल खात्याचा, माल व्यापाऱ्याचा, ट्रक वाहतूकदाराचे, आणि फाटकाबाहेरचा रस्ता महापालिकेचा. ‘धूळ आणि धूर होतो’ एवढंच लिहिलेला अर्ज या सगळ्यांच्या टेबलांवरून फिरून परत येतो, कारण प्रत्येक जण प्रामाणिकपणे सांगू शकतो की हे माझं नाही. म्हणून आधी धूळ ओळखा, मग भांडा.

ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, निदान पहिल्या फेरीत तरी नाही. गॅलरीत एक पांढरी फरशी किंवा स्टीलचं ताट ठेवा, एक दिवस राहू द्या. मग बोटाने घासून बघा. काजळी तेलकट पसरते, नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो. कोळशाचे कण बोटाला खरखरीत लागतात, उन्हात चमकतात, हात काळा करतात पण तेलकटपणा नसतो. सिमेंट करडं आणि पिठासारखं मऊ. बाटलीच्या झाकणात थोडी धूळ आणि पाण्याचे दोन थेंब घालून रात्रभर ठेवली आणि सकाळी खपली धरली, तर ते सिमेंट. हिवाळ्यात दव पडतं तेव्हा गॅलरीच्या कठड्यावर नख लावून काढावी लागते अशी पापडी बसत असेल, तर झाकणाचीही गरज नाही. युरिया पाण्यात विरघळून जातो, मागे काही राहत नाही.

लोखंडी भुग्यासाठी प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक गुंडाळून धुळीवरून फिरवा. मात्र इथे एक गोम आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या मातीतही चुंबकाला चिकटणारे कण असतात, त्यामुळे चुंबकाला काहीतरी चिकटलं म्हणजे रेल्वेच दोषी असं होत नाही. मालधक्क्यापासून लांब राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाच्या गॅलरीतली धूळ आणून शेजारी तपासा. फरक दिसला तरच बोला.

त्यासोबत एक वही ठेवा: तारीख, वेळ, वारा कुठून, धक्क्यावर रेक लागला होता का, कसला होता, इंजिन चालू होतं का बंद. दोन-तीन महिन्यांची अशी नोंद तुमच्या हातात असेल तर समोरच्या अधिकाऱ्याची बसण्याची पद्धतच बदलते, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय. हवेतले कण मोजणारं स्वस्त यंत्र घेतलंत तर त्याच्या आकड्यावर नका जाऊ, चढ-उतारावर जा. दमट हवेत ही यंत्रं जास्त आकडा दाखवतात. पण रेक लागल्यावर आकडा चढला आणि सुटल्यावर उतरला, हे ती बरोबर सांगतात. राष्ट्रीय मानक चोवीस तासांच्या सरासरीवर आहे: १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी ६०. तासाभराच्या उसळीची त्याच्याशी थेट तुलना केलीत, तर पहिल्याच बैठकीत तुमचा मुद्दा खोडला जाईल.

एक सावधगिरी. डोळ्यांना दिसतं ते सगळ्यांत वाईट असतंच असं नाही. ताटावर जमते ती जाड धूळ, ती बरीचशी नाका-घशात अडकते. डिझेलच्या धुरातले कण इतके बारीक की ताटावर त्यांचं वजन नगण्य, पण फुप्फुसात ते खोल जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. तेव्हा ताटात सिमेंटच सापडलं म्हणून इंजिनाचा मुद्दा सोडू नका.

आता मालाच्या धुळीकडे येतो, कारण तुमच्या वर्णनातल्या ‘करडा’ या शब्दावरून मला तिथेच शंका आहे. माझ्या अनुभवात शहरातल्या मालधक्क्याच्या शेजाऱ्यांची निम्म्याहून जास्त तक्रार इंजिनाची निघत नाही, ती सिमेंटची निघते. सिमेंट बंद वाघिणीतून, पोत्यांतून येतं. प्रवासात काही उडत नाही. उडतं ते उतरवताना. पोतं हुकाने ओढलं की फाटतं, पाठीवरून ट्रकमध्ये टाकलं की श्वास सोडल्यासारखी भुकटी सोडतं. आणि सगळ्यांत मोठा ढग कधी उठतो? रेक रिकामा झाल्यावर, वाघीण आणि धक्का कोरड्या झाडूने झाडतात तेव्हा. ते काम बहुतेकदा घाईघाईत उरकतात, कारण डेमरेज. रेक रिकामा करायला ठरावीक तास फुकट मिळतात, त्यानंतर तासागणिक दंड चढतो. रेक संध्याकाळी लागला तर काम रात्रभर चालणार, पहाटे झाडझूड होणार. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते, वर उठत नाही. तो ढग मग तिथेच, पहिल्या-दुसऱ्या मजल्यांच्या उंचीवर तरंगत राहतो.

यावर ‘पाणी मारा’ हा सोपा सल्ला सगळे देतात. कोळशाला तो लागू आहे. दगडी खडी, गिट्टी, खनिज यांनाही लागू आहे: उतरवताना आणि ढिगावर बारीक फवारा धरला की फरक तिथल्या तिथे दिसतो. सिमेंट आणि खताला तो लागू नाही. सिमेंटवर पाणी पडलं तर माल खराब होतो, व्यापारी भांडायला उठतो, आणि धक्क्यावर सांडलेलं सिमेंट ओलं होऊन दगड बनतं. म्हणून मालधक्क्यावर फवारे बसवलेले दिसतात, फोटो निघतात आणि सिमेंटच्या रेकच्या दिवशी नेमके ते बंद असतात. यात कोणी लबाडी करतंय असं नाही. उपाय मालाला जुळत नाही.

सिमेंटला काय जुळतं? हुक बंद करणं, धक्क्यावर बाजूंनीही झाकलेली शेड, झाडूऐवजी धूळ ओढून घेणारं यंत्र, आणि पाणी मारायचंच तर ते फक्त ट्रक फिरतात त्या आवारात. यातलं झाडूऐवजी यंत्र ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट आहे. त्याहून पुढे जायचं तर पोत्यांऐवजी टाकीसारख्या वाघिणींतून सुटं सिमेंट आणून नळीने थेट गोदामात ओढायचं. तो उत्तम उपाय आहे, पण त्यासाठी वेगळं टर्मिनल लागतं. तुमच्या धक्क्यावर ते होणार नाही, त्यामुळे मागणीत घालून अर्ज जड करू नका.

कोळशाचं वेगळं. तो उघड्या वाघिणींतून येतो, एका रेकमध्ये अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणी, आणि वाटेतही उडतो. गोव्यात मुरगाव बंदरातून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणाऱ्या कोळशावरून जे आंदोलन उभं राहिलं, २०२० च्या नोव्हेंबरात चांदरला लोक रात्री रुळांवर बसले, त्याच्या मागे इतर कारणांसोबत ही धूळही होती. गाडी विजेवर ओढली म्हणून उघड्या वाघिणीतला कोळसा उडायचा थांबत नाही. त्याला ताडपत्री लागते, भरताना वरचा थर सपाट करून ओला करावा लागतो, आणि कडेवर-कपलिंगवर सांडलेला कोळसा निघण्यापूर्वी झाडून काढावा लागतो. तुमच्याकडे कोळसा येत असेल तर अर्जात ताडपत्री पहिल्या ओळीत लिहा.

इथे माथाडींबद्दल सांगायला हवं. तुमची मुलगी भिंतीच्या अलीकडे आहे, ते लोक ढगाच्या आत उभे असतात. तोंडाला गमछा, एवढंच संरक्षण. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांना मंडळ मिळालं, मजुरीची शिस्त आली, पण धक्क्यावरची हवा होती तशीच राहिली. सोसायटीवाल्यांची तक्रार आली की त्यांना भीती वाटते की मालधक्काच हलवतील आणि आपलं काम जाईल. मग ते तुमच्या विरोधात उभे राहतात. तुम्ही आधी त्यांच्या मुकादमाला भेटा, ‘धक्का हलवा’ न म्हणता ‘झाडू बंद करा, यंत्र आणा, मास्क द्या’ म्हणा. दोन्हींच्या सह्या एका कागदावर आल्या तर त्या अर्जाचं वजन काही और असतं.

आता माझ्या गल्लीत. इंजिन बंद का करत नाहीत?

बाहेरून पाहणाऱ्याला हा आळस वाटतो. थोडा असतोही. पण आत खरी कारणं आहेत. गाडीचे ब्रेक हवेवर चालतात, ब्रेक पाइपमध्ये पाच किलोचा दाब लागतो, आणि तो दाब इंजिनाचा कॉम्प्रेसर देतो. इंजिन बंद झालं की हवा हळूहळू गळते, मग पुन्हा भरून तपासणी करण्यात वेळ जातो. दुसरं, बॅटरी. जुन्या इंजिनाची बॅटरी थकलेली असेल तर बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होईल याची खात्री लोको पायलटला नसते. यार्डाच्या तोंडावर इंजिन बंद पडून लाइन अडली तर स्पष्टीकरण त्याला द्यावं लागतं. तासभर फुकट डिझेल जळलं याचा जाब मात्र त्याला क्वचितच कोणी विचारतं. या हिशेबात कोणीही शहाणा माणूस इंजिन चालूच ठेवेल. शेडकडून ‘जास्त वेळ थांबायचं असेल तर बंद करा’ अशा सूचना निघतच असतात. पण पुढचं काम किती वेळाने आहे हे पायलटला कंट्रोलने, म्हणजे गाड्यांचं नियंत्रण करणाऱ्या कक्षाने, सांगितलं तरच ती सूचना पाळता येते. माझ्या मते हा प्रश्न यंत्राचा कमी आणि निरोपाचा जास्त आहे.

तोटा किती? मोठं सोळा सिलिंडरचं अल्को (अमेरिकी कंपनीच्या बनावटीचं जुनं) इंजिन नुसतं चालू ठेवून उभं राहिलं तरी तासाला साधारण २० ते २५ लिटर डिझेल पितं. रात्रीच्या आठ तासांत दीडशे-दोनशे लिटर, तेही एक वाघीण न हलवता. आणि गंमत अशी की विद्युतीकरणाने यार्डांचं इथे थोडं नुकसानच केलंय. पूर्वी शंटिंगला सहा सिलिंडरची, साधारण १,४०० अश्वशक्तीची लहान इंजिनं असायची. मेन लाइन विजेवर गेली तशी तिथली ३,१०० अश्वशक्तीची मोठी इंजिनं रिकामी झाली आणि त्यांतली बरीच यार्डात ढकलगाडी म्हणून आली. अर्धा रेक आत सरकवायला एवढ्या ताकदीची काहीच गरज नसते.

उभं राहणं इंजिनालाही बाधतं. थंड, बिनओझ्याच्या इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही, थोडं तेलात उतरतं, थोडं धुराड्यात साचतं. मग पायलट एकदम नॉच, म्हणजे इंजिनाच्या ताकदीची पायरी, वाढवतो तेव्हा काळा लोट उठतो. अल्कोचा टर्बो फक्त धुराच्या जोरावर फिरतो. इंधन लगेच वाढतं, हवा मागून येते, आणि मधल्या काही सेकंदांत जो काळा धूर दिसतो तो हवेअभावी अर्धवट जळलेल्या डिझेलचा. नंतर आलेल्या जनरल मोटर्सच्या बनावटीच्या इंजिनांत कमी वेगाला टर्बो गिअरवर फिरतो, म्हणून ती एवढा लोट टाकत नाहीत. धुराचा रंग लिहून ठेवलात तर शेडला उपयोग होतो: नॉच वाढवताना क्षणभर काळा धूर हा अल्कोचा स्वभाव, सतत काळा म्हणजे टर्बो, हवेचे फिल्टर किंवा इंजेक्टर बघायला हवेत, निळा म्हणजे वंगणतेल जळतंय, पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल. इंजिनाचा नंबर बाजूवर मोठ्या अक्षरांत असतो. नंबर, वेळ आणि रंग यांसह आलेली तक्रार शेड बाजूला सारू शकत नाही. पुढच्या शेड्यूलला ते इंजिन तपासावंच लागतं.

यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे एपीयू, म्हणजे मुख्य इंजिनाच्या बाजूला बसवलेलं २५ अश्वशक्तीचं छोटं इंजिन. मुख्य इंजिन काही मिनिटं रिकामं उभं राहिलं की आपोआप बंद होतं आणि हे छोटं इंजिन हवेचा दाब व बॅटरी सांभाळतं. तासाला तीनेक लिटरमध्ये काम भागतं. पायलटची भीती त्यातून जाते, म्हणून तो ते मनापासून वापरतो. मालगाड्या ओढणाऱ्या इंजिनांवर एपीयू बऱ्यापैकी बसले, यार्डातल्या जुन्या इंजिनांच्या वाट्याला ते क्वचितच आले. ‘आमच्या यार्डाला एपीयू असलेलं इंजिन द्या’ ही मागणी मला सगळ्यांत व्यवहार्य वाटते. त्यासाठी नवी खरेदी नको, इंजिनांची अदलाबदल पुरते.

तेही झालं नाही तर आणखी साधी मागणी आहे: इंजिन उभं राहण्याची जागा बदला. यार्डाचं दुसरं टोक वस्तीपासून लांब असेल तर तिथे उभं करा. कॅलिफोर्नियात रोझव्हिलच्या मोठ्या यार्डाचा २००४ साली सरकारी अभ्यास झाला. त्यात दिसलं की यार्डातल्या डिझेल काजळीचा जवळजवळ निम्मा भाग उभ्या इंजिनांचा होता. पुढच्याच वर्षी तिथल्या दोन मोठ्या रेल्वे कंपन्यांनी राज्याशी करार केला, आपोआप बंद होणारी यंत्रणा बसवायची आणि ती असलेलं इंजिन विनाकारण पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवायचं नाही. आपल्याकडे आणि तिकडे इंजिनं वेगळी, पण उभ्या इंजिनाचा धूर एकाच जागी साचतो हे दोन्हीकडे सारखं.

इंधनाबद्दल कोणी सांगेल की आता डिझेल स्वच्छ झालं. खरं आहे, एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत १० भाग एवढंच. त्याने गंधकाचा वायू कमी झाला. काजळी मात्र इंजिनावर अवलंबून असते, आणि नव्या ट्रकला असते तशी काजळी अडवणारी जाळी या जुन्या इंजिनांना नाही.

प्रवासी गाड्यांचं काम त्या मानाने चांगलं झालंय, म्हणून थोडक्यात. लाल-करड्या एलएचबी (नव्या घडणीच्या डब्यांच्या) गाड्यांना दोन्ही टोकांना जनरेटरचे डबे असायचे, डब्यांतले दिवे आणि एसी त्यावर. फलाटावर गाडी उभी असतानाही ते धडधडत राहायचे. आता विजेचं इंजिनच तारेतून वीज घेऊन ७५० व्होल्टने सगळ्या डब्यांना देतं आणि जनरेटर फक्त अडीनडीला उरला. गाडी धुण्याच्या पिटलाइनवरही बाहेरून वीज देण्याची सोय होत गेली. तुमच्या यार्डात पिटलाइन असेल आणि तिथे अजून जनरेटर वाजत असेल, तर ‘इथे बाहेरचा ७५० व्होल्टचा पुरवठा आहे का, आणि असेल तर वापरात का नाही’ हा प्रश्न विचारा. उत्तर देणाऱ्याला कळेल की समोरचा माणूस ऐकीव बोलत नाही.

ब्रेकचा भुगा तुमच्या बाबतीत बहुधा सगळ्यांत लहान भाग. नवी विजेची इंजिनं वेग कमी करताना मोटारीनेच वीज परत तारेत सोडतात, ब्रेकचे गुटके कमी घासतात. पण यार्डात कमी वेगाला हे फारसं होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

ट्रकांचं मात्र लहान समजू नका. एक रेक रिकामा करायला शेकड्याने फेऱ्या होतात. आवाराचा रस्ता उखडलेला असेल तर प्रत्येक चाक तीच धूळ पुन्हा पुन्हा उडवतं; आज पडलेलं सिमेंट उद्याच्या ट्रकखाली परत हवेत जातं. माझं स्पष्ट मत आहे की तुमच्या इथे एकच गोष्ट पदरात पाडून घ्यायची असेल तर ती आवाराचं आणि फाटकापर्यंतच्या रस्त्याचं पक्कं काँक्रीट. दिसायला ही मागणी अगदी किरकोळ, हरित वगैरे काहीच नाही, पण जाड धुळीत सर्वाधिक घट यातून होते. त्यानंतर झाडण्याचं यंत्र, मग एपीयूवालं इंजिन.

बॅटरीवर चालणाऱ्या शंटरबद्दल तुम्ही विचारलंय. तसं इंजिन होऊ शकतं. जबलपूर विभागाने २०२० साली ‘नवदूत’ नावाचं बॅटरी आणि तार दोन्हींवर चालणारं शंटिंग इंजिन तयार केलं. यार्डाच्या कामाला ही कल्पना अगदी फिट बसते: वेग कमी, थांबणं जास्त, आणि थांबलं की खर्च शून्य. पण देशभर पसरायला वेळ लागेल. त्याची वाट बघत बाकीच्या मागण्या थांबवू नका.

धक्का शहराबाहेर हलवण्याबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. डिसेंबर २०२१ च्या गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरणानंतर शहराबाहेर खासगी टर्मिनलं उभी राहतायत आणि काही धक्क्यांचं काम तिकडे जाईलही. पण पक्का रस्ता, झाकलेली शेड आणि धूळ ओढणारं यंत्र न देता नुसतं हलवलं, तर हीच धूळ कुठल्यातरी गावच्या द्राक्षबागेवर बसेल, आणि तो माल शहरात यायला ट्रक आणखी वीस किलोमीटर धावतील. विजेचंही तसंच. आपली बरीच वीज कोळशाची आहे. २,९२० मेगावॅटच्या चंद्रपूर केंद्राच्या आसपास राहणाऱ्याला विचारा, तुमच्या यार्डातला धूर कुठे गेला. तरीही टनामागे रेल्वे ट्रकपेक्षा कितीतरी कमी इंधन खाते, म्हणून मी रेल्वेच्या बाजूने बोलतो.

आता अर्ज कोणाला. स्टेशनवर देऊन थांबू नका. विभागीय रेल्वे व्यवस्थापकाच्या कार्यालयात पर्यावरण आणि हाउसकीपिंगचं काम बघणारा अधिकारी असतो, ईएनएचएम म्हणतात. अर्ज त्याच्या नावे, प्रती सीनियर डीओएमना (ऑपरेटिंग खात्याचे विभागीय अधिकारी) इंजिन उभं राहण्याबद्दल आणि सीनियर डीसीएमना (कमर्शियल खात्याचे) धक्क्याबद्दल. एका अर्जात एकच विषय. रस्ता फाटकाबाहेरचा असेल तर वॉर्ड ऑफिस वेगळं.

सोबत माहितीच्या अधिकारात चार गोष्टी मागा. गेल्या सहा महिन्यांत धक्क्यावर लागलेल्या रेकची तारीखवार यादी, मालाच्या नावासह. शंटिंग इंजिनाला दिलेलं डिझेल आणि त्याचे शंटिंगचे तास. दोन्हींचा भागाकार फुगलेला दिसला तर इंजिन रिकामं उभं राहतंय हे त्यांच्याच आकड्यांतून निघतं. पाणी फवारण्याची आणि सफाईची नोंदवही. आणि १९८१ च्या हवा कायद्याखाली या धक्क्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेतली आहे का, असेल तर अटींसह तिची प्रत. उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत असते. यादी आली की तुमच्या वहीशेजारी ठेवून तारखा जुळवा. जुळल्या तर पुढचा अर्ज मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याला, दोन्ही कागद जोडून, आणि रेक लागलेला असेल त्याच दिवशी हवा मोजायला या, अशी स्पष्ट विनंती करून. रिकाम्या धक्क्यावर मोजलेल्या आकड्याचा तुम्हाला उपयोग नाही. पुण्यातल्या हरित लवादाच्या खंडपीठापर्यंत जायची वेळ आली, तर तिथे तो तुमच्याच विरोधात दाखवला जाईल.

मुलीसाठी तोवर एवढंच: वहीतून रेकच्या वेळा कळायला लागतील, त्या वेळात धक्क्याकडच्या खिडक्या बंद, गॅलरी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायची, आणि हीच वही तिच्या डॉक्टरांनाही दाखवा. दम लागण्याच्या तारखा तिच्याच शेजारच्या रकान्यात लिहा.